मार्क विल्यम्सची पहिली आठ वर्षे (1992 ते 2000)

गोदातीर (धागाकर्ता)

1992 साली व्यावसायिक स्नूकरमध्ये आलेल्या तीन मुलांची नावे आजही एका दमात घेतली जातात: इंग्लंडचा रॉनी ओ'सलिव्हन, स्कॉटलंडचा जॉन हिगिन्स आणि वेल्सचा मार्क विल्यम्स. तिघेही 1975 साली जन्मलेले. तिघांची कारकीर्द इतकी लांबली आहे की त्यांच्याविषयी लिहिणाऱ्याची नजर साहजिकच एकूण गोळाबेरजेकडे जाते, आणि त्या गोळाबेरजेत विल्यम्सला तिसऱ्या जागी बसवून लोक मोकळे होतात. मला या धाग्यात ती गोळाबेरीज बाजूला ठेवून केवळ त्याच्या पहिल्या आठ वर्षांविषयी बोलायचे आहे, कारण 1 मे 2000 च्या रात्री थांबून मागे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. त्या रात्री विश्वविजेतेपद, यूके चॅम्पियनशिप आणि मास्टर्स या तिन्ही मोठ्या स्पर्धा विल्यम्सच्या नावावर जमा झाल्या होत्या. हिगिन्सच्याही होत्या. ओ'सलिव्हनला मात्र विश्वविजेतेपदासाठी आणखी एक वर्ष थांबावे लागणार होते.

विल्यम्सचा जन्म 21 मार्च 1975 रोजी साउथ वेल्समधील एबू व्हेलजवळच्या कूम या गावी झाला. वडील कोळसा खाणीत कामाला होते. त्यांच्याबरोबर एकदा खाणीत उतरून त्याने एक पाळी अनुभवली आणि पुन्हा तिथे यायचे नाही हे मनाशी पक्के केले, असे त्याने पुढे सांगितले आहे. लहानपणी तो मुष्टियुद्धही करत असे. परंतु अकराव्या वर्षाच्या सुमारास कुमारांची एक स्पर्धा जिंकल्यावर हिरव्या टेबलाची ओढ बळावत गेली आणि सतराव्या वर्षी तो व्यावसायिक झाला.

येथून पुढची चार वर्षे मला सर्वांत महत्त्वाची वाटतात, आणि त्यांच्याविषयीच सर्वांत कमी लिहिले जाते. ओ'सलिव्हनने 1992 च्या उन्हाळ्यात ब्लॅकपूलच्या पात्रता फेऱ्यांमध्ये पहिल्या 76 सामन्यांपैकी 74 जिंकले आणि 1993 च्या नोव्हेंबरमध्ये, वयाची 18 वर्षे पूर्ण होण्याआधी, स्टीफन हेंड्रीला हरवून यूके चॅम्पियनशिप घेतली. हिगिन्सने 1994 साली ग्रां प्री जिंकली. या काळात विल्यम्स पात्रता फेऱ्यांतून एकेक पायरी चढत होता. 1994 साली त्याने बेन्सन अँड हेजेस चॅम्पियनशिप जिंकली. तिच्या विजेत्याला मास्टर्समध्ये प्रवेश मिळत असे, म्हणून ती स्पर्धा तेव्हाच्या तरुण खेळाडूंसाठी मोठे दार होते. तरीही रँकिंग स्पर्धेचे (जिच्या निकालांवर जागतिक क्रमवारी ठरते) पहिले विजेतेपद मिळायला 1996 उजाडले. न्यूपोर्ट येथे झालेल्या वेल्श ओपनच्या अंतिम सामन्यात त्याने 1991 चा विश्वविजेता जॉन पॅरटला 9–3 असे (नऊ फ्रेम, म्हणजे डाव, विरुद्ध तीन) हरवले, तेव्हा तो 20 वर्षांचा होता. ही स्पर्धा 1992 पासून भरत होती, परंतु ती जिंकणारा पहिला वेल्श खेळाडू विल्यम्स ठरला.

त्यानंतर वेग वाढला. त्याच वर्षी बोर्नमथच्या ग्रां प्रीमध्ये त्याने यूअन हेंडरसनला 9–5 असे हरवले. 1997 साली ब्रिटिश ओपनच्या अंतिम सामन्यात समोर स्टीफन हेंड्री होता, ज्याने आदल्या सात वर्षांत सहा विश्वविजेतेपदे मिळवली होती. तो सामना विल्यम्सने 9–2 असा घेतला. त्या काळात हेंड्रीला अंतिम सामन्यात हरवणारे थोडे होते, आणि इतक्या फरकाने हरवणारे तर फारच थोडे.

1998 ची मास्टर्स मात्र सविस्तर सांगायला हवी. वेम्बली कॉन्फरन्स सेंटर, अंतिम सामना, पुन्हा हेंड्री. हेंड्री 9–6 असा पुढे होता, म्हणजे त्याला एकच फ्रेम हवी होती. विल्यम्सने सलग तीन फ्रेम घेऊन 9–9 अशी बरोबरी केली आणि निर्णायक फ्रेमच्या शेवटी दोघांचे गुण समान झाले. असे झाले की काळा चेंडू पुन्हा त्याच्या ठिपक्यावर ठेवतात, पांढरा चेंडू 'डी'मधून (टेबलाच्या एका टोकाकडील अर्धवर्तुळातून) खेळायला मिळतो, नाणेफेक जिंकणारा आधी कोणी खेळायचे हे ठरवतो, आणि जो काळा खिशात घालील तो फ्रेम जिंकतो. म्हणजे सबंध स्पर्धा एका चेंडूवर येऊन ठेपली. हेंड्रीला संधी मिळाली आणि त्याची चूक झाली. विल्यम्सने काळा घातला आणि वयाच्या 22 व्या वर्षी 10–9 असा मास्टर्स विजेता झाला.

1999 च्या जानेवारीत वेल्श ओपनच्या अंतिम सामन्यात त्याने पुन्हा हेंड्रीलाच 9–8 असे हरवले. त्याच वर्षी मे महिन्यात क्रुसिबलच्या (शेफील्डमधील ज्या नाट्यगृहात विश्वविजेतेपद स्पर्धा होते, त्याच्या) अंतिम सामन्यात हेंड्रीने त्याची परतफेड केली: 18–11, आणि हेंड्रीचे सातवे विश्वविजेतेपद. वर्षअखेरीस विल्यम्सने मॅथ्यू स्टीव्हन्सला 10–8 असे हरवून यूके चॅम्पियनशिप घेतली.

आणि मग 2000 ची विश्वविजेतेपद स्पर्धा. उपांत्य सामन्यात समोर जॉन हिगिन्स, जो तेव्हा जागतिक क्रमवारीत पहिला होता. 17 फ्रेमपर्यंतच्या या लढतीत हिगिन्स 15–11 असा पुढे असताना विल्यम्सने सलग सहा फ्रेम जिंकल्या. अंतिम सामन्यात समोर स्टीव्हन्स: विश्वविजेतेपदाच्या इतिहासातील पहिला वेल्श विरुद्ध वेल्श अंतिम सामना. स्टीव्हन्स 13–7 असा पुढे गेला. तेथून पुढच्या 14 फ्रेमपैकी 11 विल्यम्सने घेतल्या आणि सामना 18–16 असा संपवला. बक्षीस 2,40,000 पौंड होते. डाव्या हाताने खेळणारा तो पहिला विश्वविजेता, आणि नव्या क्रमवारीत तो पहिल्या स्थानी गेला.

6–9, 11–15, 7–13. त्याच्या उमेदीच्या काळातील तीन सर्वांत मोठ्या विजयांआधीची ही धावसंख्या आहे. माझा मुद्दा असा की पिछाडीवरून जिंकण्याची ही ताकद अचानक उगवली नव्हती. पहिल्या चार वर्षांत, जेव्हा इतर दोघांची चर्चा होती आणि याची नव्हती, तेव्हा ती तयार होत गेली. आपले मत काय, ते वाचायला आवडेल.

स्वाती_कार्डिफ

धागा वाचून फार आनंद झाला, कारण मी ज्या भागाजवळ राहते त्याविषयी मराठीत असे लिहिलेले सहसा वाचायला मिळत नाही. आपण कूमचा उल्लेख केला आहे, त्यात थोडी भर घालते.

कूम हे एबू नदीच्या अरुंद खोऱ्यातले गाव आहे. दोन्ही बाजूंना उभे डोंगर, मधल्या चिंचोळ्या पट्टीत एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या लांब रांगा, आणि या सगळ्याचे कारण असलेली मरीन कोलियरी ही खाण. ती 1989 साली बंद झाली. विल्यम्स तेव्हा 14 वर्षांचा होता. म्हणजे वडिलांबरोबर खाणीत उतरून पाहण्याची गोष्ट आपण केवळ एका मुलाच्या आवडीनिवडीची म्हणून वाचू नये. त्या पिढीतल्या मुलांना खाण नको होती हे खरे, पण खाणीही उरणार नव्हत्या. त्याच खोऱ्यात वर एबू व्हेलला पोलादाचा कारखाना होता, तोही 2002 साली कायमचा बंद झाला.

खाणी गेल्या, परंतु खाणकामगारांनी उभारलेल्या संस्था काही काळ टिकल्या. साउथ वेल्सच्या जवळजवळ प्रत्येक खोऱ्यात कामगारांचे इन्स्टिट्यूट असे. कामगारांच्या पगारातून ठरावीक रक्कम कापून ते चालवले जाई. त्यात वाचनालय असे, सभागृह असे आणि बिलियर्ड्सची टेबले असत. एबू व्हेलच्या शेजारच्या ट्रेडीगर गावातल्या अशाच इन्स्टिट्यूटमध्ये रे रीअर्डन लहानपणी खेळायला शिकले. ते स्वतः खाणकामगार होते, आणि हात खराब होऊ नयेत म्हणून खाणीत हातमोजे घालत. पुढे स्टॅफर्डशरमधील एका खाणीत दरड कोसळून ते काही तास गाडले गेले होते. त्यानंतर ते पोलीस दलात गेले आणि तेथून व्यावसायिक स्नूकरमध्ये. 1970 ते 1978 या काळात ते सहा वेळा विश्वविजेते झाले. त्याच ट्रेडीगरचे क्लिफ विल्सन आणि रीअर्डन यांच्या तरुणपणीच्या लढती पाहायला सारे गाव लोटत असे. आक्रमक खेळणारे विल्सन आणि मोजूनमापून खेळणारे रीअर्डन, असा तो सामना असे.

तेव्हा विल्यम्स कुठल्या मातीत वाढला, तर जिथे स्नूकर हा श्रीमंतांचा नव्हे, कामावरून परतलेल्या माणसांचा खेळ होता. तिथे लहान मुलालाही पन्नाशीच्या माणसाविरुद्ध खेळावे लागे आणि कोणी त्याला सवलत देत नसे. आपण ज्या ताकदीविषयी लिहिले आहे, तिची सुरुवात मी 1992 पेक्षा मागे नेईन.

जिमखाना_रोड

स्वाती यांनी लिहिलेले वाचून मुंबई-पुण्याशी तुलना करण्याचा मोह होतो, आणि ती तुलना अप्रस्तुत नाही, कारण आपल्याकडेही या खेळाची परंपरा जुनी आहे. बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेतेपद 1958 आणि 1964 साली मिळवणारे विल्सन जोन्स पुण्याचे, आणि कोणत्याही खेळातले ते भारताचे पहिले विश्वविजेते. मायकेल फरेरा मुंबईचे. परंतु आपल्याकडे टेबल होते ते मुख्यत्वे जिमखान्यात, आणि जिमखान्यात जायचे तर सदस्यत्व हवे. गिरणगावात व्यायामशाळा होत्या, कबड्डीची मैदाने होती, कॅरमचे बोर्ड तर प्रत्येक चाळीत होते. बारा फुटी टेबल मात्र कामगाराच्या वाट्याला आले नाही. ट्रेडीगरला ते आले. त्यातून काय फरक पडतो, हे रीअर्डन यांच्यापासून विल्यम्सपर्यंतची परंपरा दाखवते.

मात्र मूळ धाग्याबाबत मला एक वेगळे कारण पुढे ठेवायचे आहे. 1991 साली व्यावसायिक संघटनेने शुल्क भरणाऱ्यांसाठी दार उघडले आणि खेळाडूंची संख्या शेकड्यांत गेली. त्याआधी व्यावसायिक होणे हे मोजक्यांनाच जमत असे. ब्लॅकपूलच्या नॉर्ब्रेक कॅसल हॉटेलात आडोसे लावून शेजारी शेजारी टेबले मांडलेली असत आणि उन्हाळाभर पात्रता फेऱ्या चालत. सतरा वर्षांच्या मुलाला एका मोसमात इतके स्पर्धात्मक सामने खेळायला मिळण्याची सोय याआधी कधीच नव्हती. 1992 च्या तिघांना देवाने एकाच वर्षी धाडले असे बोलले जाते. मला वाटते, तिघांना एकाच वर्षी उघडे दार मिळाले, हे अधिक महत्त्वाचे. खोऱ्यातले इन्स्टिट्यूट आणि कुटुंबाचा आधार हे दोन्ही असूनही, दहा वर्षे आधी जन्मला असता तर विल्यम्सला इतक्या लवकर मोठ्या खेळाडूंपर्यंत पोहोचता आले नसते.

शांतारंग

गोदातीर यांनी अभ्यासपूर्वक लिहिले आहे, परंतु मध्यवर्ती निष्कर्षाशी मी सहमत नाही, आणि त्याची कारणे देतो.

तीन पिछाड्या भरून काढल्या म्हणून पिछाडीवरून जिंकणे हा त्याचा स्थायीभाव होता, असे म्हणण्यासाठी हरलेले सामनेही मोजायला हवेत. 1997 साली क्रुसिबलवर पहिल्यांदा खेळताना दुसऱ्या फेरीत हेंड्रीने त्याला 13–8 असे बाहेर काढले. 1998 च्या उपांत्य सामन्यात केन डॉहर्टीने 17–14 असे हरवले. 1999 चा अंतिम सामना तर 18–11 असा एकतर्फी झाला. या तिन्ही वेळी पिछाडी होती आणि ती भरून निघाली नाही. आपण जिंकलेले सामने आठवणीत ठेवतो आणि मग त्यांच्यातून स्वभाव शोधतो. 2000 च्या अंतिम सामन्यात स्टीव्हन्सने शेवटच्या टप्प्यात एखाद-दुसरी सोपी फ्रेम पदरात पाडून घेतली असती, तर आज आपण याच सामन्याला विल्यम्सच्या हुकलेल्या संधींमध्ये मोजत असतो.

शिवाय 'शांत स्वभाव' हा शब्द अजून येथे कोणी वापरला नाही याचे समाधान आहे, कारण विल्यम्सविषयी तो फार सैलपणे वापरला जातो. टेबलापाशी चेहरा निर्विकार असणे आणि आतून निश्चिंत असणे या निराळ्या गोष्टी आहेत, आणि प्रेक्षकाला दिसते ती पहिली.

गोदातीर

शांतारंग, आपला आक्षेप योग्य जागी आहे आणि त्यामुळेच मला मुद्दा अधिक नेमका मांडता येईल. मी स्वभावाविषयी बोलत नाही, खेळाच्या घडणीविषयी बोलतो आहे.

स्नूकरमध्ये फ्रेम जिंकण्याच्या ढोबळमानाने दोन रीती आहेत. एक, पांढरा चेंडू काळ्याच्या आसपास ठेवत मोठा ब्रेक करणे, म्हणजे एकाच खेळीत सलग चेंडू घालून गुण मिळवत जाणे. हिगिन्स आणि हेंड्री यांचे राज्य येथे होते. दुसरी, जिथे संधी दिसतच नाही तिथून टेबलाच्या पूर्ण लांबीवरचा लाल घालून संधी निर्माण करणे. लांबून एकच चेंडू घालण्यात विल्यम्स त्या पिढीत कोणालाही हार जाणारा नव्हता, असे माझे ठाम मत आहे. आता या दुसऱ्या रीतीचा पिछाडीशी काय संबंध, ते पाहा. मोठे ब्रेक करणाऱ्या खेळाडूला लय लागते, आणि सलग फ्रेम गमावताना खुर्चीत बसून बसून नेमकी तीच हरवते. लांबून चेंडू घालणाऱ्याला मात्र लय नसली तरी चालते. प्रतिस्पर्ध्याचा सेफ्टीचा (समोरच्याला संधी मिळू नये म्हणून मारलेला) एक फटका चार इंच कमी पडला की त्याचे काम होते. म्हणून विल्यम्सविरुद्ध 13–7 अशी आघाडी असलेल्या खेळाडूला प्रत्येक फटक्यानंतर पांढरा चेंडू मागच्या कुशनला टेकवूनच ठेवावा लागे, आणि सामना संपत आला की हेच सर्वांत अवघड होते.

1999 च्या अंतिम सामन्यात हे चालले नाही, कारण हेंड्री स्वतः लांबून तितकेच घालत होता आणि त्यावर ब्रेकही करत होता. डॉहर्टीचे कारण उलटे: त्याची सेफ्टी इतकी घट्ट होती की लांबची संधीच कमी मिळाली. म्हणजे आपण दिलेल्या हरलेल्या सामन्यांमुळे माझे म्हणणे मोडत नाही, त्याच्या मर्यादा कळतात. प्रत्येक पिछाडी भरून काढता येत नसे. परंतु कुठल्याही पिछाडीवर त्याचा खेळ आटत नसे, हे मला दाखवायचे आहे.

जिमखाना_रोड यांचा 1991 च्या बदलाचा मुद्दा मात्र मी मूळ लेखातच घ्यायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे.

रेघोट्या

या चर्चेत 1997 च्या क्रुसिबलवरची पहिली फेरी कोणीच सांगितली नाही, म्हणून लिहिते. विल्यम्स त्या वर्षी तिथे प्रथमच खेळत होता आणि समोर होते टेरी ग्रिफिथ्स. लानेलीचे ग्रिफिथ्स टपाल खात्यात आणि बसवर वाहक म्हणून नोकरी केलेले गृहस्थ, 1979 साली पात्रता फेरीतून येऊन पहिल्याच प्रयत्नात विश्वविजेते झालेले. 1997 साली ते 49 वर्षांचे होते, खेळाडू म्हणून निवृत्त होण्याच्या बेतात होते, आणि पात्रता मिळवून पुन्हा एकदा क्रुसिबलवर आले होते. सामना 9–9 पर्यंत गेला आणि विल्यम्सने तो 10–9 असा जिंकला. वेल्सच्या दुसऱ्या विश्वविजेत्याचा तिथला हा अखेरचा सामना, आणि वेल्सच्या होऊ घातलेल्या तिसऱ्या विश्वविजेत्याचा तिथला पहिला.

मला याहून अधिक महत्त्वाचे वाटते ते पुढचे. निवृत्तीनंतर ग्रिफिथ्स प्रशिक्षक म्हणून फार मोठे झाले आणि ज्यांना त्यांनी शिकवले त्यांत विल्यम्स आणि स्टीव्हन्स दोघेही होते. 2000 च्या त्या अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना त्यांचीच शिकवण होती, असे म्हटले तर वावगे होणार नाही. रीअर्डन आणि ग्रिफिथ्स हे दोघेही 2024 मध्ये, काही महिन्यांच्या अंतराने गेले.

कारभारी_नाशिक

एक प्रश्न. विल्यम्सला रंग ओळखण्यात अडचण आहे, असे वाचले होते. हे खरे असेल तर ज्या खेळात चेंडूचा रंग हेच गुण ठरवतात, त्यात तो कुमारवयापासून टिकला कसा?

गोदातीर

होय, ते खरे आहे. लाल आणि तपकिरी यांत त्याचा गोंधळ होतो आणि तपकिरी चेंडू लाल समजून खेळल्याचेही घडले आहे. पीटर एब्डनलाही अशीच अडचण होती. प्रत्यक्षात ती वाटते तितकी आड येत नाही, कारण तपकिरी चेंडूची जागा ठरलेली असते आणि फ्रेमच्या बऱ्याच भागात तो 'डी'च्या रेषेवर, लाल चेंडूंपासून दूर असतो. तो हलून लाल चेंडूंच्या घोळक्यात गेला तर लक्षात ठेवावे लागते किंवा पंचांना विचारावे लागते. खेळाडूला असे विचारण्याचा अधिकार आहे.

जिमखाना_रोड

स्टीव्हन्सविषयी कोणीतरी लिहायलाच हवे, नाहीतर हा धागा अपुरा राहील. कारमार्दनचा हा मुलगा विल्यम्सपेक्षा अडीच वर्षांनी लहान. 2000 च्या फेब्रुवारीत, म्हणजे क्रुसिबलच्या अंतिम सामन्याच्या तीन महिने आधी, त्याने डॉहर्टीला 10–8 असे हरवून मास्टर्स जिंकली होती. त्याआधी 1998 च्या यूके चॅम्पियनशिपच्या अंतिम सामन्यात तो हिगिन्सकडून आणि 1999 च्या अंतिम सामन्यात विल्यम्सकडून हरला होता. अवघ्या 22 व्या वर्षी इतके अंतिम सामने खेळलेला खेळाडू 13–7 असा पुढे असताना त्याचे विश्वविजेतेपद हुकते, याचे मला तेव्हाही वाईट वाटले होते आणि आजही वाटते. 2003 साली हेंड्रीला हरवून त्याने यूके चॅम्पियनशिप घेतली. 2005 साली क्रुसिबलच्या अंतिम सामन्यात शॉन मर्फीकडून तो पुन्हा 16–18 असाच हरला. दोन अंतिम सामने, दोन्हींत सोळा फ्रेम.

विल्यम्सच्या पहिल्या आठ वर्षांचे मोल ठरवताना ही दुसरी बाजूही मोजावी. डॉमिनिक डेलने 1997 ची ग्रां प्री जिंकली होती, डॅरन मॉर्गन अजून खेळत होता, स्टीव्हन्स वर येत होता. घरच्याच इतक्या चांगल्या खेळाडूंमध्ये पहिले राहणे ही त्या वर्षांत साधी गोष्ट नव्हती.

स्वाती_कार्डिफ

आजच्या वाचकांसाठी एक धागा जोडते. एबू व्हेलचाच जॅक्सन पेज हा 2001 साली जन्मलेला खेळाडू विल्यम्सच्या हाताखाली तयार झाला आहे. दोघे एकत्र सराव करतात. पेज 15 वर्षांचा असताना, 2017 च्या वेल्श ओपनमध्ये शेवटच्या 32 जणांत पोहोचला होता आणि जड ट्रंपकडून हरला. 2019 साली तो व्यावसायिक झाला. 2022 साली विसाव्या वर्षी क्रुसिबलवर पदार्पण करताना त्याने बॅरी हॉकिन्सला 10–7 असे हरवले, आणि दुसऱ्या फेरीत समोर आला तो स्वतः विल्यम्स. तो सामना विल्यम्सने 13–3 असा जिंकला. 1997 साली पंचवीस-सत्तावीस वर्षांनी मोठ्या वेल्श खेळाडूला तरुण विल्यम्सने एका फ्रेमने हरवले होते. येथे तसेच अंतर असताना थोरल्याने धाकट्याला उभेही राहू दिले नाही.

त्या निकालावरून पेजला कमी लेखणाऱ्यांनी 2025 च्या पात्रता फेरीकडे पाहावे. शेफील्डमध्ये अ‍ॅलन टेलरविरुद्धच्या एकाच सामन्यात त्याने 147 चे, म्हणजे एका खेळीत सहसा शक्य असलेल्या सर्वाधिक गुणांचे, दोन ब्रेक केले. व्यावसायिक स्नूकरमध्ये असे याआधी कोणीही केले नव्हते. त्याच वर्षी पन्नाशीतला विल्यम्स पुन्हा विश्वविजेतेपदाच्या अंतिम सामन्यात खेळला आणि चीनच्या झाओ शिनतोंगकडून 12–18 असा हरला.

शांतारंग

पेज आणि विल्यम्स यांच्या सुरुवातीची तुलना करताना एक फरक लक्षात घ्यावा. विल्यम्सला 1992 साली शेकडो खेळाडूंच्या गर्दीतून, पण खुल्या दारातून यावे लागले. पेजच्या पिढीला व्यावसायिक दौऱ्यावर मोजक्याच जागा आहेत, त्याही दोन वर्षांच्या मुदतीच्या, आणि मुदतीत पुरेसे गुण मिळाले नाहीत तर पुन्हा हौशी स्पर्धांपासून सुरुवात. गोदातीर यांनी ज्या चार वर्षांना सर्वांत महत्त्वाची म्हटले, तशी निवांत चार वर्षे आज वेल्सच्याच काय, कुठल्याही सतरा वर्षांच्या मुलाला मिळत नाहीत. या मुद्द्यावर मी मूळ लेखाशी पूर्ण सहमत आहे: विल्यम्सला घडायला वेळ मिळाला आणि त्याने तो सत्कारणी लावला.

रेघोट्या

मुंबईकरांसाठी एक आठवण. 2015 च्या मार्चमध्ये इंडियन ओपन ही रँकिंग स्पर्धा मुंबईत झाली होती आणि ती जिंकणारा मायकेल व्हाइटही वेल्सचाच, नीथचा. अंतिम सामन्यात त्याने रिकी वॉल्डनला 5–0 असे हरवले. रँकिंग स्पर्धेचे त्याचे ते पहिलेच विजेतेपद होते. याच व्हाइटने 2013 साली क्रुसिबलवर पदार्पण करताना पहिल्या फेरीत विल्यम्सला 10–6 असे हरवले होते.

गोदातीर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रेघोट्या यांनी सांगितलेला 1997 चा ग्रिफिथ्सविरुद्धचा सामना आणि जिमखाना_रोड यांचा 1991 च्या नियमबदलाचा मुद्दा, हे दोन्ही मी मूळ लेखात योग्य ठिकाणी जोडतो आहे. शांतारंग यांनी वेळेविषयी जे लिहिले आहे, त्यावर स्वतंत्र चर्चा होऊ शकते.

स्टीव्हन्सविषयी जिमखाना_रोड यांनीच वेगळा धागा काढावा अशी माझी विनंती आहे. 1994 साली व्यावसायिक झाल्यापासून 2003 च्या यूके चॅम्पियनशिपपर्यंतची त्याची वर्षे मराठीत कोणी लिहिलेली माझ्या पाहण्यात नाहीत, आणि 2000 चा अंतिम सामना त्याच्या बाजूने वाचण्याची माझी फार इच्छा आहे.